पाय झिरोसाठी क्रॉस कंपाइल करताय? क्यूएमूला प्रोसेसर सांगा

मित्राच्या वडिलांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्या एका मागावर मी रास्पबेरी पाय झिरो, म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर बोर्ड, बसवलाय. क्रँकशाफ्टला सेन्सर, शाफ्टची एक फेरी म्हणजे एक पिक (आडवा धागा एकदा टाकला), ते मोजायचं आणि शिफ्ट संपली की आकडा दाखवायचा, एवढंच काम. आधी मी कंपाइल पण पायवरच करायचो, पण ५१२ एमबी रॅम, एकच कोर, त्यात सोलापूरचा मे महिना आणि डोक्यावर पत्रा, एक ओळ बदलली तरी बाहेर जाऊन चहा पिऊन यायचो आणि तरी कंपाइल चालूच. मग ठरवलं, लॅपटॉपवरच क्रॉस कंपाइल करायचं, म्हणजे पायसाठीचा प्रोग्राम दुसऱ्याच मशीनवर बनवायचा, आणि क्यूएमूवर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालवून बघूनच कारखान्यात जायचं.

उबुंटूवर आर्मचा, म्हणजे पायच्या जातीच्या प्रोसेसरचा, जीसीसी कंपाइलर आप्ट कमांडनं येतो, नावाच्या शेवटी एचएफ असलेला घ्यायचा, एचएफ म्हणजे हार्ड फ्लोट, दशांशाची गणितं थेट हार्डवेअरवर. क्यूएमू-यूजर पण तसंच. फाब्रिस बेलार्डनी २००३ मध्ये हे क्यूएमू आणलं आणि मला त्याचं अजून अप्रूप वाटतं, यूजर मोडमध्ये ते अख्खं बोर्ड उभं करत नाही, फक्त आर्मच्या इन्स्ट्रक्शन इंटेलमध्ये बदलत जातं आणि सिस्टिम कॉल, म्हणजे फाइल उघडण्यासारख्या मागण्या, आपल्याच कर्नलकडं देतं. पहिल्यांदा चालवलं की "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" येईल. घाबरू नका, आपली फाइल जागेवरच असते, सापडत नाही तो आर्मचा डायनॅमिक लोडर, प्रोग्राम सुरू होताना लायब्रऱ्या जोडून देणारा. मायनस कॅपिटल एल देऊन आर्मच्या लायब्रऱ्यांचं फोल्डर दाखवलं की झालं.

घरी सगळं मस्त चाललं. कारखान्यात जाऊन चालवलं तर एकच ओळ, इल्लीगल इन्स्ट्रक्शन. मागांचा खडखडाट एवढा की अण्णा कानाशी येऊन ओरडले, "काय झालं रे, मोजतंय का नाही?" नाही म्हटलं आणि परत आलो.

तर झालं असं होतं. पाय झिरोचा प्रोसेसर एआरएम-११७६, म्हणजे आर्मव्ही६, आणि उबुंटू-डेबियनचं आर्म-एचएफ आर्मव्ही७ धरून बनवलेलं. मला वाटलं कंपाइलरच्या मायनस एम-आर्च फ्लॅगमध्ये आर्मव्ही६ दिलं की भागेल. नाही भागत, कारण तो फ्लॅग फक्त आपल्या कोडला लागतो, मेन फंक्शनच्या आधी चालणारा स्टार्टअप कोड आणि जीसीसीची स्वतःची लायब्ररी लिबजीसीसी आधीच व्ही७ साठी कंपाइल होऊन आलेले असतात आणि सगळे तुकडे एकत्र करणारा लिंकर ते काही न बोलता जोडून टाकतो. बायनरीची माहिती दाखवणाऱ्या रीडएल्फला मायनस कॅपिटल ए देऊन बघा, सीपीयू आर्चच्या पुढं व्ही७ दिसेल.

मग घरी का चाललं? कारण प्रोसेसर सांगितला नाही तर क्यूएमू सगळ्या सोयी असलेला प्रोसेसर धरून चालतं. मायनस सीपीयूला एआरएम-११७६ दिलं आणि तोच इल्लीगल इन्स्ट्रक्शन माझ्या टेबलावर आला, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. आता हा फ्लॅग मी टेस्टच्या स्क्रिप्टमध्येच टाकून ठेवलाय.

उपाय एकच, स्वतःची टूलचेन, म्हणजे कंपाइलर, लिंकर आणि लायब्रऱ्यांचा संच. ती बनवून देणारं क्रॉसटूल-एनजी घेतलं, मेन्यूत आर्किटेक्चर आर्मव्ही६, एफपीयू व्हीएफपी, फ्लोट हार्ड. जीलिबसी, म्हणजे सीची मूळ लायब्ररी, मात्र बोर्डावर आहे तीच किंवा त्याहून जुनी निवडा, बोर्डावर एलडीडी मायनस मायनस व्हर्जन मारलं की आकडा कळतो. माझ्या लॅपटॉपवर २.३५ आणि पायच्या कार्डावर २.३१ होती, लॅपटॉपचीच जोडली असती तर "जीलिबसी २.३४ नॉट फाउंड" म्हणून परत अडकलो असतो. बिल्ड रात्री लावून झोपलो.

क्यूएमू-यूजरमध्ये जीपीआयओ, म्हणजे सेन्सर जोडायच्या पिना, नाहीत, म्हणून सेन्सर वाचणारा भाग वेगळा काढला आणि टेस्टला त्याच्या जागी फाइल वाचतो. फाइलमध्ये अण्णांच्या मागाची एक खरी शिफ्ट आहे, प्रत्येक पिकची वेळ एकाखाली एक. धागा तुटून माग थांबला की दोन ओळींच्या वेळेत मोठी फट दिसते, परत चालू होताना शाफ्ट हातानं जरा मागं-पुढं फिरवतात तेव्हा दोन-तीन खोटे पल्स येतात, ते गाळणं सगळ्यात अवघड गेलं आणि ते सगळं मी घरी बसून केलं.

मंगळवारी नवीन बायनरी टाकली, पहिल्या फटक्यात चालली. आता लाइट गेली तर आकडा टिकतो का ते बघायचंय, त्यासाठी क्यूएमूला मधेच किल मारून फाइल तपासतोय, अजून दर चार-पाच वेळेला एकदा शेवटची नोंद अर्धीच राहतीय.