मुलाखतीतून माघार घ्यायचीय, कसं कळवू?

‘ताई, तिकडे दोन राउंड झालेत, पण आता मला तिथे जायचंच नाहीये. कसं सांगू? राग येईल का त्यांना?’ चाकणच्या एका ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत मी भरतीचं काम बघते. त्यामुळे नात्यातल्या पोरांपासून सोसायटीतल्या मुलींपर्यंत सगळे हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

राग येत नाही. कोणीतरी नाही म्हणणार हे धरूनच आम्ही एका जागेसाठी चौघा-पाचजणांना बोलावतो. त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. फक्त ठरलं की त्याच दिवशी कळवा.

एवढी घाई कशाला, तर शेवटच्या राउंडला दोघं-तिघं उरतात. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराच्या ऑफरची तयारी सुरू होते आणि दुसऱ्याला आम्ही नाही म्हणत नाही, होल्डवर ठेवतो. क्वालिटी इंजिनिअरच्या एका जागेला साताऱ्याकडची एक मुलगी अशी होल्डवर होती. जेवणाच्या सुट्टीत ती फोन करायची. मागे मशिनचा आवाज, हिचा आवाज दबका, कारण आजूबाजूला तिच्याच ऑफिसची माणसं. ‘मॅडम, काही कळलं का?’ ‘अजून प्रोसेसमध्ये आहे’ यापलीकडे मला काही सांगता येत नव्हतं, कारण तिच्या पुढचा मुलगा फोनच उचलत नव्हता. आधी नुसती रिंग जायची, मग फोन बंद लागायला लागला. त्याचा नाद सोडून आम्ही तिला बोलावलं, तोवर तिने दुसरीकडे कमी पगारावर होकार देऊन टाकला होता. त्या मुलाला कोणाचं वाईट करायचं नसणार. नाही कसं म्हणायचं या संकोचात तो गप्प बसला असेल. पण भुर्दंड तिला पडला.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. एमपीएससीने भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्यायच ठेवलाय, मुलं त्याला ऑप्टिंग आउट म्हणतात. ज्याला ते पद नकोय, तो अंतिम शिफारशीआधी आपला दावा सोडतो आणि यादीतल्या पुढच्या माणसाला संधी मिळते. खासगी नोकरीत असं बटण नसतं, तिथे तुमचा मेल हेच ते बटण.

‘पण कंपन्या तरी कुठे कळवतात?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. मुलाखत घेऊन उमेदवाराला ताटकळत ठेवणं मला अजिबात पटत नाही, त्यावरून ऑफिसात मी भांडतेसुद्धा. तरी तुमच्या मागे होल्डवर असलेला माणूस म्हणजे कंपनी नव्हे.

आता मेल. विषयाच्या ओळीत नाव, पद आणि माघार घेत असल्याचं स्पष्ट लिहा, नाहीतर बायोडेटांच्या ढिगात तो बुडतो. मजकूर इंग्रजीत असो वा मराठीत, इतका पुरे: ‘नमस्कार. क्वालिटी इंजिनिअर पदासाठी आपण मला दोन मुलाखतींची संधी दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. विचाराअंती मी या प्रक्रियेतून माघार घेत आहे. गुरुवारची मुलाखत कृपया रद्द करावी.’ खाली पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. मुलाखत उद्यावर असेल तर मेलवर विसंबू नका, फोन करा. पॅनेलवर बसणारा प्रॉडक्शनचा माणूस शिफ्टमधून वेळ काढून आलेला असतो.

कारण सांगायलाच हवं असं नाही. सांगितलंत तर खरं सांगा. सिंहगड रोडवरून चाकणचा रोजचा प्रवास झेपणार नाही, रात्रपाळी नकोय, दुसरीकडे जास्त पगार मिळतोय, यात लपवण्यासारखं काय आहे? घरी आजारपण आहे म्हणून सांगायचं आणि महिन्याभरात लिंक्डइनवर नव्या कंपनीचा फोटो टाकायचा, हे मात्र लक्षात राहतं. चाकण, तळेगाव, रांजणगाव इथले भरतीवाले एकमेकांना ओळखतात.

कंपन्यांना उमेदवार शोधून देणाऱ्या कन्सल्टंटमार्फत गेला असाल तर त्यालाही कळवा. तो ‘अजून एकदा विचार करा’ म्हणून मागे लागेल, कारण त्याची फी बहुतेक वेळा तुम्ही रुजू झाल्यावरच मिळते. अनेक ठिकाणी ती वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकी असते. त्याची तळमळ समजून घ्या, पण तिच्यासाठी निर्णय बदलू नका.

ऑफर लेटरवर सही करून झाली असेल तर मामला वेगळा. आधी त्या पत्रातल्या अटी नीट वाचा आणि मग मेलच्या आधी फोन करा. तुमचा ६० किंवा ९० दिवसांचा नोटीस पिरियड संपायची वाट बघत कंपनीने बाकीच्यांना तोवर नकार कळवलेला असतो. तिथे एकेका दिवसाने फरक पडतो.

मेल गेल्यावर कधी कधी एचआरचा फोन येतो, ‘पगार वाढवून दिला तर?’ खरंच पगारासाठीच अडलं असेल तर आकडा सांगून बोला. नसेल तर ‘नाही मॅडम, माझं ठरलंय’ एवढंच म्हणा. उत्तर आलंच नाही तर पुन्हा लिहायची गरज नाही. आमच्याकडे तुमचं नाव त्या जागेच्या यादीतून काढलं जातं आणि पुढच्या माणसाला फोन लागतो.