फलटण ते बरड

वारीत जेजुरीला पालखीवर भंडारा उधळला, नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान झालं, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण डोळे भरून पाहिलं. ते सगळं टीव्हीवर दिसतं, लिहिणारेही पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते फलटण ते बरड या वाटेबद्दल. जेमतेम 18 किलोमीटरची चाल.

माझ्या हातांवर, पावलांवर आणि ओठांच्या कडेला कोड आहे. लग्नानंतर वर्षाच्या आतच मनगटावर पहिला डाग उठला. शरीराचीच संरक्षणव्यवस्था त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून हे होतं. शिवल्याने ते कुणाला लागत नाही, महारोगाशी त्याचा काही संबंध नाही. हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलंय की झोपेतही सांगेन. एका पतसंस्थेत मी कॅशला बसायची. माझ्या हातून नोटा घ्यायला एक-दोन ग्राहकांनी का-कू केली आणि साहेबांनी मला आतल्या खोलीत, व्हाउचरच्या टेबलावर नेऊन बसवलं. "तुम्हालाच बरं पडेल, मॅडम." मी मान डोलावली. त्या खोलीला खिडकी नाही. तिथे माझी कितीतरी वर्षं गेली.

वारीला जाते म्हटल्यावर घरी वाद झाला. ह्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कोड असलेल्या अंगाला जिथे घासतं किंवा खरचटतं, तिथे नवा डाग उठू शकतो, हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. शिवाय पांढऱ्या कातडीला ऊन सोसत नाही, लगेच भाजते. "गाडीने जाऊन दर्शन घेऊ, पायीच कशाला?" पण मी दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणखाणाची वर्गणी, भरून मोकळी झाले होते. मग ह्यांनीच सनस्क्रीनच्या ट्यूबा आणल्या, सुती मोजे आणले आणि रोज रात्री फोन सुरू झाला. पाय कसे आहेत? मोजे बदलले का? आज कीर्तनात काय झालं, कसं वाटतंय, हे एकदाही नाही. मला संताप यायचा.

फलटणला रात्री पाऊस झाला. राहुटीत पाणी शिरलं, पथारी भिजली, पहाटे टँकरपाशी बायकांची जुंपली, आडोशाला जायला जागा नाही. फलटणच्या बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुढाऱ्यांचे फ्लेक्स, बिस्किटाच्या पुड्यांसाठी रेटारेटी आणि पायाखाली त्यांच्याच वेष्टनांचा खच. ज्यांनी वाटलं त्यांनी उचलायलाही माणसं ठेवायला हवीत, हे माझं ठाम मत आहे. तोंडाने 'ज्ञानोबा माऊली तुकाराम' चाललेलं आणि आत नुसती चिडचिड. विडणीपर्यंत पाय निभावले. पिंप्रदला जेवण झालं, उठले, आणि डाव्या टाचेत असं काही चमकलं की पाऊल टेकवेना. दिंडी पुढे गेली. आमच्या पताका गर्दीत दिसेनाशा झाल्या.

बाभळीखाली बसले. ऊन कडक पडलं होतं. मोजा काढायचा धीर होईना, कारण मोज्याखाली नुसता फोड नव्हता. शेजारी एक म्हातारी बाई डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून बसली होती. रथामागच्या कुठल्याशा दिंडीतली, बोलण्यावरून परभणीकडची.

"दाखीव पाय."

"राहू द्या माऊली, होईल कमी."

"दाखीव की माय. पायाला काय लाजायलीस?"

तिनेच मोजा ओढला आणि माझं पाऊल मांडीवर घेतलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. डाग दिसले की समोरच्याचा चेहरा एक क्षण थबकतो, मग तो सावरतो आणि काहीतरी भलतंच बोलायला लागतो. माझ्या नजरेतून ते कधी सुटत नाही. तिचा चेहरा थबकला नाही. ती फोड बघत होती. पिशवीतून तिने सुई काढली, काळा दोरा ओवला, काडी पेटवून सुईचं टोक तापवलं. फोडाच्या एका अंगाने सुई घातली, दुसऱ्या अंगाने काढली आणि दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून दातांनी तोडला. "कातडं काढू नगं. दोऱ्यानं पाणी निथळतंय, मग कातडं बसतंय." डॉक्टरांना ही रीत मान्य नाही, पण वारीत ती घरोघरच्यांना ठाऊक आहे. पाणी घोट्यावरून तिच्या लुगड्यावर ओघळलं, ते तिने पदराने टिपलं. मग औषधाच्या जुन्या बाटलीतलं खोबरेल हातावर घेऊन अख्खं पाऊल चोळलं. फोडाची जागा तेवढी सोडून बोटांच्या बेचक्यांपर्यंत, पांढरं आणि सावळं सारखंच.

चोळता चोळताच म्हणाली, "कवापासून हाय हे?"

मी सांगितलं.

"माझ्या जावंला व्हतं. गावात तिला हळदीकुंकवाला बोलवीत नव्हते." बाटलीचं झाकण लावलं. "मग म्या बी जायचं सोडलं."

इतकंच. त्यावर ती आणखी काही बोलली नाही. उठली, वाकून माझ्या पायाला हात लावला. मी घाईघाईने तिच्या पाया पडले, तोवर तिने वृंदावन डोक्यावर घेतलंही होतं. ती चालू लागली आणि मी बाभळीखाली मोठ्याने रडले. येणारेजाणारे 'माऊली माऊली' म्हणत पुढे जात होते. कुणी थांबलं नाही ते बरं झालं.

संध्याकाळी बरडच्या तळावर समाजआरती. चोपदारांनी चोप उंचावला आणि एवढ्या मोठ्या तळावरचे टाळ एका दमात थांबले. एका दिंडीचे मात्र थांबले नाहीत. ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकतात, त्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. कुणी त्यांना गप्प बसा म्हणत नाही. आधीही हे रोज पाहत होते. त्या संध्याकाळी ते माझ्यासाठीच चाललंय असं वाटलं. साहेबांनी आत बसा म्हटलं तेव्हा माझे टाळ मीच थांबवले होते आणि त्यालाच मी आजवर समजूतदारपणा म्हणत आले. मी स्वतःला स्वीकारलंय, असं मैत्रिणींना सांगायचे. खिडकी नसलेल्या खोलीत बसून सांगायचे.

रात्री फोन आला. पाय कसे आहेत? दोऱ्याचं सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग, "फार दुखलं का गं?" त्या रात्री संताप आला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस माझ्यावर माया करतो ती औषधाच्या दुकानातून, हे मला बरडच्या चिखलात उभं राहून कळलं.

पुढचे मुक्काम भराभर गेले. पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायचं त्राण नव्हतं. चंद्रभागेत पाय बुडवले, कळसाला हात जोडले आणि अख्खी रात्र एसटी स्टँडवर पिशवीवर बसून काढली. तिथली ढकलाढकली आठवली तरी जीव नकोसा होतो.

परतल्यावर साहेबांना लेखी अर्ज दिला, की मला पुन्हा कॅशला बसायचंय. बघू म्हणाले. मी दर सोमवारी विचारत राहिले. ते वैतागले, तरी विचारत राहिले. दिवाळीपासून काउंटरवर आहे. एक गृहस्थ अजून नोटा माझ्या हातात न देता काचेखालून सरकवतात. बाकीच्यांना सुट्टे लवकर मिळण्याशी मतलब. भाजी विकणाऱ्या एक मावशी पिग्मीचे पैसे काढायला मुद्दाम माझ्याच खिडकीला येतात, कारण मी नोटा त्यांच्यासमोर दोनदा मोजते. दिवस कसा जातो कळत नाही. संध्याकाळी थकून घरी येते आणि ते थकणं मला आवडतं.

टाचेवर हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा ठिपका उठलाय. ह्यांनी तो माझ्याआधी पाहिला. यंदा ह्यांनीही भिशी भरलीय. गादी बरोबर न्यायची म्हणतात. दिंडीच्या ट्रकमध्ये माणशी एक वळकटी, एक पिशवी, एवढीच जागा मिळते, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.