पोतनीस आडनावाचा शोध : दुसऱ्या टप्प्याची नोंद

मंडळी, मागच्या टप्प्यात 'नीस' शेपटाची आडनावं गोळा करून झाली होती : चिटणीस, फडणीस, सबनीस, कारखानीस, पारसनीस, हसबनीस, जमेनीस, पागनीस, वाकनीस. आता त्यातलं एकच हातात घेऊन तळापर्यंत जायचं ठरवलं आणि पोतनीस निवडलं. चिटणीस, सबनीस गावोगाव भेटतात. पोतनीस तसे विरळ, त्यामुळे एकेक घर तपासणं आवाक्यातलं आहे. शिवाय या आडनावाची भावंडं थेट काश्मीरपासून कर्नाटकापर्यंत पसरलेली आहेत, आणि मला खरी ओढ लागली ती त्यांचीच.

आधी पोतनीस नेमकं काय करायचा ते पाहू, कारण कामाचं स्वरूप कळल्याशिवाय आडनाव कुठे रुजेल याचा अंदाज येत नाही. पोत म्हणजे सरकारी रोकड, खजिना. मूळ फारसी 'फोता', म्हणजे थैली. 'नीस' हा 'नवीस'चा झिजलेला अवतार, म्हणजे लिहिणारा. शिवकाळातल्या अठरा कारखाने आणि बारा महालांच्या यादीत 'पोत' हा महालांपैकी एक आहे; पागा, इमारत, टंकसाळ, थट्टी यांच्या पंगतीतला. पेशवाईत मोठ्या सुभ्यावर जे दरखदार, म्हणजे सरकारी हुद्देदार, नेमलेले असत त्यांत दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस येतात. वसूल किती जमा झाला, खर्च किती पडला, शिल्लक किती राहिली याचा हिशेब पोतनिसाकडे. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायलाही तो हात लावायचा. फडणीस रकमेच्या थैल्यांना चिठ्ठ्या बांधायचा, आणि नाणी पारखायला पोतदार बसायचे, तेही एक नाही, दोन. सुभ्याच्या कचेरीतली ती जागा डोळ्यांपुढे आणून पाहा : एक जण नाणं वाजवून, कसोटीवर घासून बघतोय, शेजारी दुसरा तेच पुन्हा बघतोय, आणि तिसरा पायावर वही ठेवून रक्कम टिपतोय. तो तिसरा आपला माणूस.

पारख इतकी कडक का, हे त्या काळच्या नाण्यांवरून समजतं. पुण्याकडे अंकुशी रुपया, नाशिककडे चांदवडी, निजामाच्या मुलखातून येणारा रुपया, शिवाय जुनी झिजलेली नाणी वेगळीच. प्रत्येकाचा भाव वेगळा, म्हणून प्रत्येकावर बट्टा, म्हणजे किमतीतली कपात, वेगळा. सरकारी भरण्याला चालणाऱ्या नाण्याला 'पोतेचाल' म्हणत. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द आहे. बट्ट्याचा हिशेब चुकला तर सुभ्याची शिल्लक चुकली, म्हणून पोतनिसाच्या लेखणीला वजन होतं. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की दरखदार मामलेदाराच्या, म्हणजे तिथल्या मुख्य अधिकाऱ्याच्या, मर्जीवर नसत. त्यांची नेमणूक हुजुरातून, म्हणजे थेट वरच्या दरबारातून, व्हायची आणि मामलेदाराला त्यांना परस्पर काढता येत नसे. मामलेदारावर वचक राहावा, हाच त्यातला हेतू. हे पद पुढे वंशपरंपरेनं चालू लागलं, आणि आडनाव घडायला ही वंशपरंपराच कारणीभूत झाली. एका पिढीत सुटणाऱ्या नोकरीचं आडनाव होत नाही. तीन-चार पिढ्या तीच वही, तीच कचेरी, तोच वाडा असेल तर लोक घराला त्या नावानं हाक मारू लागतात.

आता मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलेला प्रश्न : या घरांना आधी आडनाव नव्हतं का? होतं, बऱ्याचदा होतं. दोन उदाहरणं सर्वांच्या परिचयाची आहेत. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे. त्यांचे चिरंजीव खंडो बल्लाळ आणि पुढे बखरकार मल्हार रामराव हे चिटणीस म्हणूनच ओळखले जातात. नाना फडणीस मूळचे श्रीवर्धनचे भानू. म्हणजे हुद्द्याचं आडनाव हा वरचा थर आहे, खाली दुसरं नाव गाडलेलं असू शकतं. पोतनीस घराण्यांशी बोलताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो : 'तुमच्याकडे घरात पूर्वीचं आडनाव कुणी सांगतं का?' दुसरा प्रश्न कुलदैवताचा, तिसरा गोत्राचा. कुलदैवत फार बोलकं असतं. माणसं गाव सोडतात, वतन सोडतात, पण वर्षातून एकदा जायचं ते देवस्थान सहसा सोडत नाहीत.

यातूनच या टप्प्याचा मुख्य मुद्दा पुढे आला, आणि तो मी ठासून सांगतो. पोतनीस हे एका मूळ पुरुषाचं आडनाव नाही. जिथे खजिना होता तिथे पोतनीस होता. त्यामुळे हे आडनाव कायस्थ प्रभूंत आहे, ब्राह्मणांतही आहे, आणि एकाच जातीतल्या दोन पोतनीस घरांचाही एकमेकांशी रक्ताचा संबंध असेलच असं नाही. नकाशावर ठिपके टाकले की वंशवृक्षाच्या फांद्या दिसत नाहीत, जुन्या कचेऱ्यांच्या जागा दिसतात. कारखानीसांचं थोडं निराळं. गडावर हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू अशी विभागणी शिवकाळात ठरलेली होती, त्यामुळे ते आडनाव आजही बरंचसं प्रभूंकडेच झुकलेलं दिसतं. पोतनिसाला असं बंधन नव्हतं.

एक गंमत इथेच नोंदवतो. राज्याभिषेकानंतर महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. सुरनीस सचिव झाला, मुजुमदार अमात्य झाला, वाकनीस मंत्री झाला. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंत अमात्य अशी थोर घराणी त्या नव्या नावांनी ओळखली जाऊ लागली. पण कचेरीत रोज लिहीत बसणाऱ्यांची फारसी नावं जशीच्या तशी राहिली. आज मुजुमदार, वाकनीस, पोतनीस आपल्याला भेटतात, ते या रोजच्या वापरामुळे. दरबाराचा हुकूम वरच्या पायरीपर्यंत पोचला, खालच्या पायरीवर जिभेची सवय जिंकली.

आता प्रसार. देशावर पुणे, सातारा, नाशिक हा पट्टा आणि पुढे सगळ्यांना ओढून घेणारी मुंबई, हे अपेक्षितच होतं. नाशिकच्या 'गावकरी' दैनिकाचे संस्थापक दादासाहेब पोतनीस यांच्यामुळे तिकडे हे नाव घरोघरी माहीत आहे. मराठी फौजांबरोबर लेखणीवालेही उत्तरेला गेले. शिंद्यांचं ग्वाल्हेर, होळकरांचं इंदूर, गायकवाडांचं बडोदं इथे स्वतंत्र दफ्तरं उभी राहिली आणि संस्थानं विलीन होईपर्यंत चालली. पेशवाई 1818 मध्ये बुडाल्यावर इंग्रजी मुलखातली दरखदारी संपली, पण संस्थानांत हुद्दे आणखी सव्वाशे वर्षं जिवंत राहिले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात 'चिटनीस की गोठ' नावाची वस्ती आजही आहे. आडनाव गल्लीच्या नावात उतरलं की ते घर तिथे किती मुरलं होतं हे कळतं, म्हणून ग्वाल्हेर-इंदूरच्या मंडळींनी आपापल्या भागातल्या जुन्या गल्ल्यांची नावं जरूर कळवावीत.

नागपूरकडे वेगळाच नमुना आहे. तिथे 'नवीस' पूर्ण रूपात टिकलं : चिटणवीस, फडणवीस. सर गंगाधरराव चिटणवीस नागपूरचेच. देशावर तेच चिटणीस आणि फडणीस. नाना मात्र फडणीसही लिहिले जातात आणि फडणवीसही, म्हणून ही रेषा काटेकोर धरू नका. तरी यादी करताना विदर्भातली नावं 'नवीस' रूपातही शोधायलाच हवीत, नाहीतर अर्धी निसटतील. तंजावरात हा माग तुटतो. तिथल्या मराठी घरांत नावापुढे राव लावायची रीत इतकी पक्की झाली, की हुद्द्याची आडनावं रोजच्या वापरातून मागे पडली. तिथे सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांतूनच वाट काढावी लागेल.

आणि आता भावंडं. फोता सांभाळणारा तो फोतेदार. मोगल कारभारात परगण्याच्या खजिन्यावरचा माणूस याच नावानं ओळखला जाई. काश्मिरी पंडितांत फोतेदार हे आडनाव आहे; काँग्रेसचे माखनलाल फोतेदार आठवत असतील. बंगालात आणि मारवाड्यांत त्याचं पोद्दार झालं. आपल्याकडे आणि उत्तर कर्नाटकात पोतदार. राजस्थानातल्या शेखावाटीचे पोद्दार व्यापारासाठी देशभर गेले, त्यामुळे आज माटुंग्याच्या पोदार कॉलेजात एखादा पोतदार आडनावाचा मुलगा शिकत असेल तर एकाच हुद्द्याची दोन रूपं, दोन वेगळ्या वाटांनी, एका इमारतीत आलेली असतात. त्यांच्यात नातं काहीच नाही. मला हे फार विलक्षण वाटतं.

पोतदार मात्र पोतनिसांपेक्षा कितीतरी जास्त, आणि कारण साधं आहे. पोतनीस सुभ्यावर, मोठ्या कचेरीत, पोतदार गावातही. गावचा पोतदार भरण्याची नाणी पारखायचा आणि बहुधा सोनारकामही करायचा. म्हणून पोतदार दैवज्ञ आणि सोनार समाजांत मोठ्या संख्येनं आहेत, तसे ब्राह्मणांतही आहेत. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार सर्वांना ठाऊक आहेतच. टाकसाळीवरून पडलेलं टाकसाळे आडनावही याच शेजारातलं. एखाद्या तालुक्यात पोतदार, टाकसाळे, सराफ आणि पोतनीस एकत्र सापडले तर तिथे जुनी टाकसाळ किंवा मोठी पेठ होती का, हे लगेच तपासा.

साधनांबद्दल. मतदार याद्या सर्वांना खुल्या आहेत आणि देवनागरीत आहेत, हा त्यांचा मोठा फायदा. रोमन लिपीतून आलेल्या याद्यांत 'पोटनीस', 'पोथनीस', 'पोतणीस' असे सगळे प्रकार होतात, ते एकाच रकान्यात घ्या. लग्नानंतर बदललेली नावं धरली तर एक घर दोनदा मोजलं जातं, म्हणून मी माणसं मोजत नाही, घर क्रमांक मोजतो. नकाशावर ठिपका तालुक्याचा, शहराचा नाही. मुंबई-पुण्याचे ठिपके वेगळ्या रंगात ठेवले आहेत, कारण तिथली घरं बहुतेक नोकरीनिमित्त आलेली. 'मूळ गाव कुठलं' विचारलं की ठिपका सरकतो.

माझं सगळ्यात आवडतं साधन म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या उपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या नोंदी असतात. आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग कपाटातून नेमकी वही काढतात. लांबट, आडवी, लाल कापडात बांधलेली. पानावर आलेल्या माणसाचं नाव, बापाचं, आज्याचं, भावांची, मुलांची नावं, 'उपनाम' अमुक, 'वास्तव्य' तमुक, आणि खाली त्याच्याच हातची सही. जुन्या नोंदी मोडीत, पुढच्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. शाई बदलते, वळण बदलतं, आणि मधेच एखाद्या पिढीला वास्तव्याचं गाव बदललेलं दिसतं. स्थलांतराचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे कुठेही मिळालेला नाही. जाताना घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर न्या. वही यजमानाच्या घराण्याची असते, आपण परके. फोटो काढण्याआधी विचारा आणि दक्षिणा मनापासून द्या. ही माणसं शतकांचं दफ्तर स्वखर्चानं जपत आली आहेत.

पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर हा यापुढचा डोंगर. सुमारे 35 हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, बहुतेक मोडीत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 नंतर निवडून छापलेले 45 खंड आधी वाचावेत, त्यानं हात बसतो. इंग्रजांनी इनामांचे हक्क तपासायला नेमलेल्या इनाम कमिशनच्या काळात वतनदारांनी दिलेल्या कैफियती (लेखी निवेदनं) आणि वंशावळी आपल्या कामासाठी सोन्यासारख्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं आणि शब्द सलग लिहिलेले असतात, तेव्हा नजर 'पोत' या दोन अक्षरांवर ठेवा. नावामागे सुभ्याचं वा परगण्याचं नाव जोडलेलं असेल तर तो हुद्दा समजावा. 'उपनाम' आलं की आडनाव. एकाच घराण्यात हुद्द्याची शेवटची नोंद आणि आडनावाची पहिली नोंद हातात आली, तर त्या घराचा काळ बराच पक्का होतो.

पुढच्या टप्प्यात बडोदे आणि इंदूर घेतोय. आपल्यापैकी कुणाच्या आजोळी, सासरी पोतनीस असतील तर पूर्वीचं आडनाव, कुलदैवत, गोत्र आणि चार पिढ्यांमागचं गाव एवढं विचारून ठेवा. व्यक्तींची नावं, पत्ते मला नकोत, नकाशाला तालुका पुरतो. विदर्भातल्या मंडळींनी 'पोतनवीस' असं लिहिणारं एखादं घर, जुनं खरेदीखत किंवा घरावरची पाटी दिसली तर आधी कळवावं.