डबा सोड

सोलापुरात पोहायला शिकवणाऱ्याचं अर्धं आयुष्य "डबा सोड" असं ओरडण्यात जातं. आधी विहिरीवर, आता टँकवर, बावीस वर्षं माझं तेच चाललंय. तरंगायला पाठीला बांधलेला डबा असो की ट्यूब, त्यावरची बोटं सुटली की पोरगं पोहणारं झालं. पुढचा धडाही ठरलेला: घाबरलास तर वर धडपडू नको, खाली जा, तळाला हात लावून ये.

गेल्या मे महिन्यात एक जण या शिकवणीचीच तक्रार घेऊन आला.

पूर्व भागातला पोरगा. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. लहानपणी माझ्याकडे शिकला, आता कर्नाटकाच्या किनाऱ्यावर सर्फिंगच्या, म्हणजे फळीवरून लाटेवर स्वार व्हायच्या खेळाच्या, एका कॅम्पवर मदतनीस आहे. सकाळी सहाला गेटवर उभा, खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं आठ फुटी काहीतरी. वॉचमन आत सोडेना, त्याला ते मयताचं सामान वाटलं. चादर सोडली तर आत निळा, फोमचा सर्फबोर्ड, ठिकठिकाणी डागडुजी केलेला.

"सर, तुम्ही शिकवलेलं विसरायला आलोय," म्हणाला.

प्रकरण असं होतं. लाट पकडायची तर आधी ती जिथं फुटते तो पट्टा ओलांडून पलीकडं जावं लागतं. बोर्डावर पालथं पडून हातांनी वल्हवत निघायचं, आणि समोरून पांढरा फेस भिंतीसारखा अंगावर येतो. हा पठ्ठ्या अशा वेळी बोर्ड सोडून द्यायचा आणि सूर मारून तळ गाठायचा. त्याला स्वतःला काही होत नव्हतं. पण बोर्ड दोरीनं घोट्याला बांधलेला असतो. सुटला की दोरी ताणली जाईपर्यंत लाट त्याला मागं फेकते. बोर्डाची लांबी आणि दोरीची लांबी मिळून पंधरा-सोळा फूट, तेवढ्यात कुणी असलं तर त्याची खैर नाही. त्या दिवशी मागं एक शिकाऊ मुलगी होती. तिच्या भुवईवर टाके पडले, याला घरी पाठवलं.

"लाट आली की तुमचाच आवाज येतो बघा सर, सोड म्हणून."

मला हसावं की रडावं कळेना. समुद्र इथून तीनशे किलोमीटरहून लांब, आणि तिथल्या एका भुवईला मी जबाबदार!

कट्ट्यावर बसून त्यानं मला सगळं समजावलं. छोटा, पातळ बोर्ड असेल तर डक डाइव्ह. फेस अंगावर यायच्या जरा आधी दोन्ही कडा धरून बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात दाबायचं, मग गुडघ्यानं किंवा पायानं शेपूट, म्हणजे मागचं टोक, दाबायचं, लाटेखालून जाऊन पलीकडं निघायचं. वर घुसळण असली तरी खाली पाणी त्यामानानं शांत असतं. पण हा फोमचा बोर्ड इतका तरंगतो की दाबून खाली जातच नाही. त्याला टर्टल रोल: कडा घट्ट धरून बोर्डासकट उलटं व्हायचं, आपण खाली, बोर्ड वर, नाक सरळ लाटेकडं. जरा जरी आडवा झाला की लाट त्याला ढकलत किनाऱ्याला नेते. लाट गेली की पुन्हा पालथं होऊन लगेच वल्हवायचं, कारण मागची तयारच असते.

मला जास्त आवडली ती त्याची पाण्यात उतरण्याआधीची गोष्ट. म्हणे दहा-पंधरा मिनिटं वाळूत बसून नुसतं बघायचं. मोठ्या लाटा घोळक्यानं येतात, मधे उसंत असते, निघायचं तेव्हा. आणि जिथं लाटा कमी फुटतात, पाणी जरा गडद दिसतं, तिथून पाणी आत परत जात असतं. तोच रिप करंट. पोहणाऱ्याला त्यातून किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पड म्हणून सांगतात, आणि हे लोक आत जायला त्याचाच रस्ता करतात. आपली एसटी पकडल्यासारखं.

आता टँकमध्ये लाट कुठून आणायची? सकाळच्या बॅचची वीसेक पोरं काठावर ओळीनं उभी केली आणि शिट्टीवर सगळ्यांना एकदम गुडघे पोटाशी घेऊन पाण्यात मुटका मारायला लावला. एरवी मुटका मारला की मी ओरडतो, त्यामुळं पोरांना खरंच वाटेना. समुद्रासारखा फेस काही झाला नाही, पण डचमळ चांगली झाली.

मी गॉगल लावून पाण्याखाली बसलो. पहिल्या तिन्ही वेळा बोर्ड सुटला. चौथ्यांदा मी फक्त त्याच्या हातांकडं बघितलं. पोरं धप्पकन पडली, आवाज झाला, आणि पाणी पोचायच्या आधीच त्याची करंगळी उघडली. मग शेजारचं बोट, मग पंजाच. म्हणजे लाट बोर्ड ओढून नेतच नव्हती, हाच तो देऊन टाकत होता. शिवाय हात पूर्ण ताणलेले, बोर्ड अंगापासून लांब.

म्हटलं, कोपर वाक, बोर्ड छातीशी घे आणि करंगळीनं धर, बाकीची बोटं गेली तरी चालतील. आणि उलटा असताना मनात आकडे मोज, चार म्हणेपर्यंत सुटका नाही. सातव्या-आठव्या वेळी जमलं. त्यानंतर पोरं थकली, पण हा थांबेना. शेवटी पोरांना माझ्या खर्चानं उसाचा रस कबूल करावा लागला.

जाताना म्हणाला, "सर, एकदा तुम्ही करून बघा की."

बावीस वर्षांचा अनुभव घेऊन मी बोर्डावर पालथा पडलो. शिट्टी त्यानं वाजवली, पोरांनी जरा जास्तच जोरात मुटके मारले. उलटा झालो, आणि पुढच्या क्षणी माझा हात टँकच्या तळाला लागला होता. वर आलो तर बोर्ड पलीकडच्या कडेला जाऊन आपटलेला आणि तिथल्या फरशीचा टवका उडालेला.

त्या फरशीचे पैसे व्यवस्थापनानं माझ्या पगारातून कापले. फरशी अजून बसवलेली नाही.