दादाचा आवाज

आमच्या घरात ॲलर्जीची मक्तेदारी माझ्याकडे. उठल्या उठल्या सात-आठ शिंका, टाळूला खाज, डोळ्यांतून पाणी आणि तळहाताने नाक खालून वर चोळायची सवय. त्या चोळण्याने नाकावर आडवी घडी पडते, तशी माझ्या नाकावर आहे. लहानपणी सगळे म्हणायचे, हिला बारमाही सर्दी. पण खरी सर्दी आठ-दहा दिवसांत आवरतं घेते, येताना अंगदुखी नाहीतर कणकण आणते. माझं प्रकरण तापाशिवाय महिनोन्‌महिने चालायचं आणि त्यात सगळ्यात जास्त छळायची ती खाज. हा फरक कळेपर्यंत मी तिशीला आले. त्यानंतर मात्र मी स्वतःला यातली जाणकार समजायला लागले, आणि दादाच्या वेळी त्याच तोऱ्यात चुकले.

दादाची दाढ ठणकत होती. जेवण झाल्यावर त्याने दुखीची गोळी घेतली. गोळी नेहमीचीच, आधी दहादा तरी घेतलेली. वीसेक मिनिटांत मानेवर, छातीवर, दंडांवर गांधी उठल्या. "पित्त उठलंय रे," मी म्हणाले. या एका शब्दाने आपल्याकडे फार घोळ घातलाय. छातीत जळजळलं तरी पित्त, अंगावर गांधी आल्या तरी पित्त. आणि एकदा पित्त म्हटलं की कुणी घाबरत नाही. मी माझ्या डब्यातली खाजेची गोळी त्याला दिली. गांधी तासाभरातही जागा बदलतात आणि डॉक्टरांकडे पोचेपर्यंत अंग साफ असतं, हे ठाऊक असल्यामुळे मोबाइलवर दोन फोटोही काढले. मग निवांत बसले.

थोड्या वेळाने त्याच्या पोटात मुरडा आला, उलटी झाली. मी म्हटलं, जेवण बाधलं असेल. तो बाहेर आला तो सारखा घसा खाकरत. इतक्यात वहिनीने टीव्ही बंद केला. "यांचा आवाज असा का येतोय?"

हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. मी ऐकला होता, पण माझं लक्ष त्याच्या दंडाकडे होतं. तिथल्या गांधी फिकट व्हायला लागल्या होत्या. "अगं, उतरतंय बघ," मी म्हणाले, आणि दादाला, "चल, जरा मोकळ्या हवेत फिरून ये." तो उठला, पांढराफटक पडला आणि धपकन खाली बसला. वहिनीने तोवर ॲम्ब्युलन्सला फोन लावला होता. पलीकडच्या माणसाने आधी तेच बजावलं: त्याला आडवं करा, पाय उंच ठेवा, उभं करू नका, चालवू नका. धाप लागली तर पाय पसरून बसू द्या.

ॲलर्जीच्या असल्या जोरदार झटक्यात रक्तवाहिन्या सैलावतात, त्यातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब कोसळतो. उभं राहिलं की हृदयाकडे परतणारं रक्त आणखी घटतं आणि माणूस जागेवर जाऊ शकतो. मी त्याला फिरायला पाठवत होते!

मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत आवाज मोकळा झाला. रुग्णालयात रात्रभर ठेवून घेतलं, कारण बरं वाटल्यावर काही तासांनी हेच पुन्हा उलटू शकतं. डॉक्टरीणबाईंनी मला रागावून नाही, पण नीट सांगितलं. माझी गोळी खाज आणि गांधींपुरती. घशाची सूज किंवा पडलेला रक्तदाब तिच्या आवाक्यातला नाही. नुसत्या गांधी असतील आणि माणूस ठीक असेल तर सोबतीला कुणीतरी थांबून लक्ष ठेवायचं. पण त्यांच्या जोडीला श्वास, आवाज, घसा, उलट्या, चक्कर यांतलं एकही आलं तर वाट बघायची नाही. काहींच्या तर कातडीवर काही उठतच नाही. मला माझ्या शिंकांबद्दलही विचारलं. रात्री खोकला येतो का, छातीत शिट्टी वाजते का? वाजते. हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. दम्याची तपासणी त्यामुळे झाली.

"पण ही गोळी तर मला चालायची," दादा दोन दिवस हेच म्हणत होता. या झटक्याला ॲनाफिलॅक्सिस हे नावच मुळी तशा गोष्टीतून मिळालं. 1902 साली रिशे आणि पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ कुत्र्यांना समुद्रफुलाचं, म्हणजे सी ॲनिमोन या समुद्री प्राण्याचं, विष टोचत होते. पहिला डोस सोसलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी अगदी थोडं विष दिलं, तर तो काही मिनिटांत मेला. विषाची सवय होईल अशी त्यांची अटकळ होती, घडलं भलतंच. रिशेला 1913 मध्ये नोबेल मिळालं. दादाला ही कथा मुळीच आवडली नाही.

आता त्याच्या पाकिटात वहिनीच्या अक्षरातला कागद असतो. गोळीचं नाव, तिच्या जातीच्या इतर औषधांची नावं, खाली तीन रेघा. डॉक्टरांना दाखवायला म्हणून काढलेले दोन फोटो मी परवा पुन्हा पाहिले. दोन्ही गांधींचेच, अगदी जवळून. दुसऱ्यात कडेला त्याचा डावा हात आलाय. शर्टाची वरची दोन बटणं उघडीच आहेत, तरी तो कॉलर गळ्यापासून लांब ओढून धरतोय.