बेलपाडा ते रतनवाडी: जीपीएस घड्याळ घेताना खोक्यावरचा आकडा बघू नका

बेलपाड्यातून नळीच्या वाटेने (कड्यातली अरुंद घळ) हरिश्चंद्रगड, पुढे पाचनई, कुमशेत, कात्राबाईची खिंड आणि रतनगड असा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेतून सलग चाल, ठरवताय आणि त्यासाठी जीपीएस घड्याळ घेताय, तर हे आधी वाचा. दोर, पाणी, दम यांचं तुम्ही बघालच.

दुकानदाराने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "वीस दिवस चार्जर विसरा." वीस दिवस खरे, पण घड्याळात नुसती वेळ बघितली तर! ट्रॅक रेकॉर्ड करायला लागलं की हिशोब तासांचा होतो. त्यातही ठळक छापलेले तास एकट्या जीपीएसचे. सगळ्या उपग्रह यंत्रणा आणि ड्युअल फ्रिक्वेन्सी (उपग्रहाचा सिग्नल दोन लहरींवर घेणं) लावली की ते निम्म्यावर, कधी त्याहून खाली येतात. कोरोस व्हर्टिक्स 2 या घड्याळाचे कंपनीचेच आकडे बघा: साध्या जीपीएसवर 140 तास, ड्युअलवर 50. माझ्या घड्याळाची बॅटरी याहून पुष्कळ लहान, आणि ड्युअलचा आकडा दुकानात कुणी काढलाच नाही.

नळीत ड्युअल लागतंच. दोन्ही बाजूंना कातळभिंती, वर आभाळाची चिंचोळी पट्टी. सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा येतो आणि साध्या मोडमध्ये ट्रॅकची रेघ नळी सोडून सरळ कड्यात घुसते. ड्युअलवर ती नळीतच राहिली, पण वर गडाच्या कोकणकड्यावर पोचेस्तोवर बॅटरी निम्म्याखाली आली होती.

पाचनई ते कुमशेत वाट मळलेली आहे. चालत राहा.

कुमशेत ते कात्राबाई मात्र घाम काढते. डोक्याच्या वर कारवीची झुडपं, आणि जागोजागी फुटणाऱ्या ढोरवाटा खऱ्या वाटेपेक्षा रुंद. बॅटरी पुरावी म्हणून घड्याळ 'अल्ट्रा' मोडवर होतं. या मोडमध्ये जीपीएस मधूनमधून बंद होतं आणि मधलं अंतर अंदाजाने जोडलं जातं. एका फाट्यावर घड्याळातला बाण डावीकडच्या ओढ्यात दाखवत होता. उतरलो, तर पुढे सरळ तुटलेला कातळटप्पा. कारवीला धरत पुन्हा वर आलो, तोवर पडदा काळा. पुढची खिंड फोनमधल्या ऑफलाइन नकाशावर गाठली. अजूनही संताप होतो, कारण त्या जंगलात उजेड लवकर जातो आणि दुकानातल्या त्या एका वाक्यावर आम्ही विसंबलो होतो.

तर स्पष्ट सांगतो. ड्युअल मोडचे तास विचारा, त्यातून पडदा आणि नकाशा बघण्यासाठी पाव भाग वजा करा, उरलेल्याला रोजच्या चालण्याच्या तासांनी भागा. तीन दिवस निघत नसतील तर घेऊ नका. अल्ट्रा मोड सह्याद्रीच्या रानात कामाचा नाही. उन्हावर बॅटरी भरणाऱ्या सौर काचेसाठी जादा पैसे घालू नका: गार्मिन कंपनी सौर तास देते ते 50,000 लक्स (उजेडाचं माप) उन्हावर, आणि आपण चालतो झाडीत, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. उंची हवेच्या दाबावरून मोजणारं घड्याळ जरूर घ्या, फक्त हवा पालटली की आकडा सरकतो, म्हणून हरिश्चंद्रगडाच्या तारामती शिखरावर 1429 मीटर लावून घ्या.

चार्जिंगची केबल प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि पाचनईत ती मिळत नाही. दोन ठेवा, एक जोडीदाराच्या सॅकमध्ये. कुमशेतहून वाटाड्या घ्या आणि खिंडीपर्यंतचे पैसे गावातच ठरवा.