एनए (टर्बो नसलेल्या) गाडीत बोल्ट-ऑन (इंजिन न उघडता बाहेरून बसणारे पार्ट) लावून खरंच किती एचपी (हॉर्सपॉवर) वाढते?
टर्बो गाडीत नुसता ट्यून केला (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली), बूस्ट (टर्बो आत ढकलतो त्या हवेचा दाब) वाढवला की पॉवर धपकन वर जाते, एनए इंजिनात तसलं काही नाही, हवा जेवढी आत ओढली जाईल तेवढाच खेळ. पहिल्या पिढीची टोयोटा ८६ घ्या, २ लिटर, २०० एचपी, आणि साधारण ३५०० ते ४५०० आरपीएममध्ये टॉर्कचा (ओढण्याच्या ताकदीचा) तो बदनाम खड्डा. इनटेकने (हवा आत घेणारा पाइप आणि फिल्टर) आवाज भारी येतो, आकडा जेमतेम हलतो. कॅटबॅकचंही (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा एक्झॉस्ट) तेच, फार तर वजन कमी होतं. खरी मजा हेडरमध्ये (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणारे पहिले पाइप), सोबत नीट ट्यून केलं तर तो खड्डा बराच भरतो, आणि चालवताना पीक (कमाल) एचपीपेक्षा तेच जास्त जाणवतं. आणि हो, प्रत्येक पार्टच्या डब्यावरचे एचपी बेरीज करत बसू नका, डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) ती बेरीज जुळत नाही!